भंगारातला भाव

पहाटे 5.15

पर्वतीच्या पायथ्याची जनता वसाहत. नळाला पाणी आलंय. आक्का दोन हंडे भरतात, एक बादली भरतात, चहा टाकतात. सगळ्यांना कपभर चहा. स्वतः पाण्याचा मात्र एकच घोट घेतात. का, ते दुपारी कळतं.

आक्का पन्नाशीच्या. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. ही उंची लक्षात ठेवायची. दिवसभर तिचा संबंध येणार आहे.

सासू-सासरे 1972 च्या दुष्काळात सोलापूरकडून पुण्यात आले. जात मातंग. सासू पाठीवर पोतं घेऊन कचराकुंड्या धुंडाळायची. तेव्हा या कामात बहुतेक बाया दलित समाजातल्या होत्या, आजही आहेत. 1993 साली डॉ. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली आणि सासूच्या गळ्यात ओळखपत्र आलं. 2008 साली याच बायांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. महापालिकेशी करार झाला. कुंडीवरचं काम लोकांच्या दारावर आलं. आक्का तेव्हापासून दारोदार कचरा घेतात.

साडीवर कोट चढतो. कोट अंगापेक्षा मोठा. बाह्या दोनदा दुमडल्या तेव्हा कुठे बोटं दिसतात.

सकाळी 6.10

धाकटी जाऊ कोपऱ्यावर थांबलेली असते. दोघींची जोडी आहे. अडीचशेच्या आसपास घरं दोघींत.

ढकलगाडी विजेच्या खांबाला साखळीने बांधलेली. लोखंडी सांगाडा, चार बादल्यांची जागा, बाजूला पोती अडकवायची. गाडी नवी आहे, महिन्यापूर्वी मिळाली. रंग अजून उडालेला नाही. जुनी गंजून मोडली होती, त्यामुळे नवी आल्याचा आनंद झाला. मग ढकलून बघितली.

दांडा आक्कांच्या छातीला येतो. ढकलायचं तर कोपर वर उचलून धरावं लागतं. जोर कमरेतून लागत नाही, सगळा खांद्यावर येतो. साडेपाच फुटी माणसाला हा दांडा बरोबर बसेल. पण ही गाडी ढकलणाऱ्या बहुतेक बाया आहेत.

“पहिल्या आठवड्यात हात वरच जाईना,” आक्का सांगतात. “वेणी घालायला पोरीला बसवावं लागलं.”

सकाळी 7.00

सिंहगड रस्त्याजवळची नवी इमारत. अकरा मजले, चव्वेचाळीस घरं. फाटकाशी दगडी भिंत, त्यावर इमारतीचं नाव पितळी अक्षरांत. आत जिम, लहान मुलांचे झोके, गणपतीचं देऊळ. लिफ्ट दोन. एक राहणाऱ्यांची. दुसरी सामानाची, त्यातून कामाला येणाऱ्या बायांनी जायचं, कचराही न्यायचा. सामानाची लिफ्ट आठवडाभर बंद आहे.

वॉचमन ओशाळतो. “आक्का, मी काय करू? कमिटीने सांगितलंय.”

“तू काय करणार बाबा,” म्हणत आक्का जिना धरतात.

पद्धत अशी. धाकटी वरच्या सहा मजल्यांना जाते, आक्का खालच्या पाचांना. प्रत्येकीकडे दोन बादल्या, ओल्याची आणि सुक्याची. वर चढताना रिकाम्या, उतरताना भरलेल्या. ओल्याची बादली भरली की चांगलीच जड होते. भाजीची देठं, चहाचा चोथा, कालची आमटी. आमटी सांडू नये म्हणून बादली अंगापासून लांब धरावी लागते, आणि लांब धरली की मनगट भरून येतं.

जिन्याची पायरी उंच आहे. तो आगीच्या वेळी उतरायला बांधलाय, रोज चढायला नाही. कठड्याला मधे धरायला काही नाही. तिसऱ्या मजल्यावर आक्का बादली टेकवतात, हात बदलतात, पुन्हा उचलतात.

खाली पार्किंगमध्ये गाडी लावायला त्यांना जागा नाही. कचरा निवडायला तर नाहीच. सरकारच्या 2016 च्या घनकचरा नियमांत मोठ्या गृहसंकुलाच्या नकाशातच अशी जागा ठेवावी असं म्हटलं होतं, पण ते दोनशेहून जास्त घरं किंवा पाच हजार चौरस मीटरहून मोठा भूखंड असेल तर. इथे चव्वेचाळीस. दहा बाय दहाचा एक पत्रा टाकला असता तरी भागलं असतं. नकाशा काढताना देवळाची जागा आठवली, झोक्यांची आठवली. रोज सकाळी सातला येणाऱ्या दोन बाया आठवल्या नाहीत.

सकाळी 8.40

आता सहकारनगरच्या गल्ल्या. जुने बंगले, तीन मजली सोसायट्या. इथे काम हलकं. लोक ओळखीचे. एक आजी फाटकावरच पिशवी अडकवून ठेवतात, सोबत कडीला दोन केळी. “आक्का, चहा घेता का?” “नको आजी, पुढं लई घरं हाईत.”

एका दारातून पिशवी येते. गाठ मारलेली काळी पिशवी. आक्का ती हातात तोलतात. मऊ, जड, आत काय ते वजनावरूनच कळतं. उघडायला लागतं, कारण गाठीच्या आत सुका कचराही असू शकतो. असतोच. बिस्किटाचे पुडे, औषधाच्या बाटल्या आणि त्यांत वापरलेले सॅनिटरी पॅड, नुसते, कागदात न गुंडाळलेले.

आक्का हातमोजे घालत नाहीत, असं बघणाऱ्याला वाटतं. हातमोजे पिशवीत असतात. जाड रबरी, मोठ्या पंजाचे. ते घातले की बोटांना काच कळत नाही, दोरा सुटत नाही, पातळ पिशवी चिमटीत येत नाही. एका हातात घालतात, दुसरा उघडा. उघड्या हातावर जुन्या काचांचे व्रण आहेत.

2013 साली पुण्यातल्या कचरावेचक बायांनी वापरलेले पॅड पोत्यांत भरून थेट ते बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवले होते. मागणी एवढीच की पॅड टाकायला वेगळी पिशवी द्या. 2016 च्या नियमांत ते आलं. प्रत्येक पॅडसोबत गुंडाळायला पिशवी किंवा वेष्टन द्यावं. बायांनी आपलाही तोडगा काढला. जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या शिवून-चिकटवून घरोघरी विकल्या. लोकांना सांगितलं, कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. म्हणजे उघडावं लागणार नाही. पेनाचा एक ठिपका, खर्च शून्य. या गल्लीत ज्या घरांना तो पटला, त्यांची पिशवी आक्का तशीच बाजूला ठेवतात. ती घरं त्यांना तोंडपाठ आहेत.

सकाळी 10.15

मैदानाच्या कुंपणाला लागून फूटपाथवर ताडपत्री अंथरली जाते. सुका कचरा तिच्यावर ओतला जातो. आता खरं डोक्याचं काम सुरू होतं. दोघी उकिडव्या बसतात आणि हात चालू होतात.

पुठ्ठा एकीकडे. रद्दी दुसरीकडे. पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, कडक प्लास्टिक, पत्रा, काच. धाकटी बोटांनी नुसतं चुरगाळून सांगते. “हे वाजतंय, ह्याला भाव न्हाई. हे मऊ हाय, ह्याला हाय.” प्लास्टिकवरच्या त्रिकोणातला आकडा त्या बघत नाहीत. हाताला कळतं.

मी काही वस्तू उचलून विचारत जातो.

वेफर्सचं चकचकीत पाकीट. वरून प्लास्टिक, आतून चांदीसारखा थर. दोन पदार्थ एकमेकांना असे चिकटवलेत की कारखान्यालाही ते सहज सोडवता येत नाहीत. भाव नाही.

शांपूची पुडी. रुपयाला मिळते, गरिबालाही परवडते. भाव नाही. शिवाय एवढीशी की वेचायला एका किलोला शेकडो लागतील.

ज्यूसची बाटली. बाटली चांगली, भाव असलेली. पण तिला गळ्यापासून बुडापर्यंत रंगीत प्लास्टिकचा सदरा घातलाय. तो वेगळ्या प्लास्टिकचा आहे, बाटलीत मिसळला तर सगळा माल बिघडवतो. म्हणून ब्लेडने उभा चिरून काढायचा. धाकटीकडे अर्धं ब्लेड आहे, त्याला कापडाची मूठ बांधलेली. एक बाटली सोलायला अर्धं मिनिट जातं. कागदाची पट्टी असलेली बाटली सोलावी लागत नाही.

हॉटेलच्या पार्सलचा काळा डबा. धुतलेला असला तर घेतात, नाही तर नाही. आज सात आहेत, धुतलेले दोन.

कॉफीचा कागदी पेला. कागद आहे म्हणून आक्का कागदात टाकतील असं मला वाटलं. त्या नखाने आतलं अस्तर सोलून दाखवतात. पातळ प्लास्टिक. भाव नाही.

दुधाची पिशवी. हिला भाव आहे, चांगला आहे. 2018 साली राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली तेव्हा दुधाच्या पिशवीवर पन्नास पैसे परतीची किंमत छापायची असं ठरलं होतं. आज ताडपत्रीवरच्या पिशव्यांचे बरेच कोपरे कापलेले आहेत. तो कापलेला त्रिकोणी तुकडा कुठेतरी ओल्या कचऱ्यात, मोरीत, गटारात गेला. तुकडा कापून न टाकता पिशवीला लटकता ठेवला तर तोही वजनात येतो.

एका पाकिटावर छानसं चित्र आहे. डोंगर, हिरवं पान, निसर्ग जपा असं काहीसं. आक्का ते वाचत नाहीत, चुरगाळतात. वाजतं. बाजूला टाकतात.

बाजूला टाकलेल्याचा ढीग दीड तासात ताडपत्रीवरचा सगळ्यात मोठा ढीग झालेला असतो. त्यातला प्रत्येक तुकडा कुणीतरी संगणकावर बसून रंगवलाय, मापून आखलाय, त्याचे पैसे घेतलेत. तो इथवर वाहून आणणाऱ्या बायांना मात्र या ढिगाचे पैसे मिळत नाहीत.

सकाळी 11.50

ओला कचरा आणि हा बिनभावाचा ढीग घेऊन दोघी पॉइंटवर येतात. महापालिकेची गाडी थांबलेली आहे. आज टिपर आलाय. त्याचा काठ आक्कांच्या कपाळाला लागतो.

बादली रिकामी करायची रीत अशी. आधी गुडघ्यावर घ्यायची. मग पोटावर. मग एक झटका देऊन खांद्यावर, आणि तिथून काठावर टेकवून कलती करायची. कलती करताना पाणी मागे येतं. मानेवरून, कोटाच्या आत. वर उभा असलेला गाडीवरचा पोरगा हात देतो, पण त्याच्याकडे एका वेळी पाच-सहा बाया असतात.

आज दोघींच्या मिळून सहा बादल्या. मधे एक फेरी झालीच आहे, आणखी एक होणार. गाडीला मागे एक पायरी असती, नुसती फूटभराची, तर झटका लागला नसता. आक्कांनी त्यासाठी एक सिमेंटचा ठोकळा आणून ठेवला होता. कुणीतरी उचलून नेला.

दुपारी 12.40

भाकरी, मेथी, ठेचा. झाडाखाली बसून. हात धुवायला बाटलीतलं पाणी, त्यातलंच दोन घोट प्यायला.

सकाळपासून दोघी लघवीला गेलेल्या नाहीत. इमारतीत वॉचमनसाठी संडास आहे, तो त्याच्यासाठी. गल्ल्यांत सार्वजनिक सोय नाही. मुख्य रस्त्यावर आहे ती पंधरा मिनिटांवर. गाडी सोडून जायचं तर माल जातो. म्हणून पाणी प्यायचं नाही. धाकटीला गेल्या उन्हाळ्यात मूतखड्याचा त्रास झाला. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला तीन लिटर पाणी प्या.

“पिते की,” ती म्हणते. “घरी गेल्यावर.”

दुपारी 1.45

भंगाराचं दुकान. पत्र्याची शेड, पुढे काटा. दुकानदार वही उघडतो. आजचा माल आणि आजचा भाव असा:

पुठ्ठा 16 किलो, 9 रुपयांनी 144.
कागद 7 किलो, 8 रुपयांनी 56.
पाण्याच्या बाटल्या 2 किलो, 20 रुपयांनी 40.
दुधाच्या पिशव्या दीड किलो, 14 रुपयांनी 21.
कडक प्लास्टिक 3 किलो, 15 रुपयांनी 45.
पत्रा दीड किलो, 20 रुपयांनी 30.
काच 8 किलो, 1 रुपयाने 8.

एकूण 344. दोघींत प्रत्येकी 172.

चार बाटल्या सोलायच्या राहून गेल्या होत्या. दुकानदार त्या उचलून परत देतो. धाकटी तिथेच बसून ब्लेड काढते.

दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात लोखंडी पेटी आहे, कुलूप लावलेली. तांबं-पितळ त्यात. एक चेपलेला पितळी लोटा वर दिसतो. त्याला किलोला शेकड्यांत भाव आहे. चेपला काय, फुटला काय, त्याचा भाव जात नाही.

1958 साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी डिझाइनर जोडपं देशभर हिंडलं. त्यांनी सरकारला एक अहवाल दिला. त्याच्या आधारावर 1961 साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त मान दिला तो आपल्या साध्या लोट्याला. असा लोटा घडवायचा तर कोणकोणते प्रश्न विचारावे लागतील, याची यादीच त्यांनी केली. डोक्यावर, कमरेवर, हातात तो कसा बसेल. ओतताना कसा वागेल. धुवायला कसा पडेल. आणि त्याच यादीत हेही विचारलंय की मोडीत घातला तर त्याचं काय येईल.

त्या संस्थेच्या मुळाशी हा प्रश्न आहे. वेफर्सच्या पाकिटाला तो कुणी विचारलेला दिसत नाही.

दुपारी 3.10

वेल्डिंगचं दुकान. आज गाडीचा दांडा खाली घ्यायचा आहे.

वेल्डर पोरगा आक्कांना म्हणतो, “मावशी, सरळ उभ्या राहा. हात सोडा. आता कोपर वाकवा.” खडूने तो सांगाड्यावर खूण करतो. मग धाकटीला उभं करतो. ती आक्कांपेक्षा चार बोटं उंच. दुसरी खूण. दोन खुणांच्या मधे दांडा बसवायचा ठरतो. आक्का पुढे सांगतात. दोन्ही बाजूंना आकडे लाव, पोत्यांना. ब्लेडसाठी एक छोटी नळी. आणि ह्या बाजूला एक पट्टी, चढावर गाडी थांबवली की पाय देऊन अडवता येईल अशी. पोरगा ऐकतो, एका गोष्टीला नाही म्हणतो, कारण तिथे जोड टिकणार नाही. आक्का दुसरी जागा दाखवतात. तासाभरात काम होतं.

धाकटीला एक जुनी गोष्ट आठवते. एका कॉलेजातली डिझाइनची मुलं आली होती. मुलं चांगली होती, आपुलकीने बोलली. दुपारच्या मीटिंगला सगळ्या बायांना बसवून प्रश्न विचारले, फोटो काढले. मग एक गाडी करून आणली. हलकी, रंगीत, वर छत्री. फूटपाथवरून उतरताना तिचं चाक जाळीत अडकलं आणि मोडलं. तसलं चाक पुण्यात कुठे मिळेना. मुलांची परीक्षा झाली, ती गेली. गाडी बरेच दिवस पडून होती.

“सकाळी यायला पायजे होतं त्यांनी,” धाकटी म्हणते. “आमच्याबरबर जिना चढायला.”

वेल्डर पोरगा आठवीपर्यंत शिकलाय. तो आधी उभं राहायला सांगतो, मग लोखंड कापतो. डिझाइनचा धडा मला दिवसभरात इथे दिसला.

पाइप, वेल्डिंग, मजुरी मिळून 390 रुपये. प्रत्येकी 195.

संध्याकाळी 5.30

महिन्याच्या पैशांची फेरी. घरटी ऐंशी रुपयांच्या आसपास. सगळ्यांनी दिले तर दोघींत वीस हजार. सगळे कधीच देत नाहीत. काही घरं बंद, काही “पुढच्या महिन्यात एकदम देतो” म्हणतात, काही म्हणतात कर भरतोच की आम्ही. सकाळच्या इमारतीत आता राहणाऱ्यांच्या लिफ्टने जायला हरकत नाही, हातात बादली नाही. आक्का तरी जिन्यानेच जातात. सवय.

सातव्या मजल्यावर एक तरुण मुलगी दार उघडते, पैसे देते आणि विचारते, “आक्का, दुधाची पिशवी धुऊन ठेवू का? उपयोग होतो?”

“व्हय. अन् कोपरा तोडू नको बाळा. तसाच लटकू दे.”

मुलगी मान हलवते. एवढ्या बोलण्याने या घराची पिशवी उद्यापासून पुऱ्या वजनाची होईल.

रात्री 8.15

हिशेब. भंगाराचे आले 172. दांड्याला गेले 195. आजच्या भंगारात तेवीस रुपये उणे.

हे तेवीस रुपये आक्का कुणाकडे मागणार? दांड्याची उंची ज्याने ठरवली त्याला त्या ओळखत नाहीत. वेफर्सचं पाकीट, ज्यूसच्या बाटलीचा सदरा, टिपरचा काठ, जिन्याची पायरी, हातमोज्याचा पंजा, यातलं काहीही ठरताना त्या खोलीत नव्हत्या. किंमत मात्र रोज त्याच भरतात. रुपयांत, खांद्यात, न प्यायलेल्या पाण्यात.

म्हणून डिझाइन शिकवणाऱ्यांना, शिकणाऱ्यांना आणि त्यासाठी पैसे मोजणाऱ्या कंपन्यांना एक मागणी आहे. वस्तू आखताना माप लिहिता, रंग लिहिता, खर्च लिहिता. त्या कागदावर दोन रकाने वाढवा. ही वस्तू भंगारात काय भावाने जाईल? आणि ती शेवटी जी उचलेल, तिची उंची किती? हे रकाने भरायला आक्कांसारख्या बायांना बोलवा. सकाळी बोलावलं तर त्यांचा खाडा होतो. तेव्हा दिवसाची पूर्ण मजुरी मोजून द्या.